अतिरिक्त कार्यभार

आमचे साहेब साहेबांच्या खुर्चीत कधी बसले नाहीत, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी त्यांचं कौतुक करायलेय. साधा माणूस, गर्व नाही, असं काहीतरी. तसं काही नव्हतं. त्या खुर्चीपायी आम्ही तिघांनी जे भोगलं ते आमचं आम्हाला माहीत.

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं कोण जाणे. आमचा कक्ष म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फोन, बिनतारी संच, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि आम्ही. आतल्या खोलीत एक मोठं टेबल आणि उंच पाठीची फिरती खुर्ची. त्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याची जागा मंजूर होती, पण भरलेली नव्हती. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, मग कुणीतरी कोर्टात गेलं आणि प्रकरण तिथंच अडकलं. तोवर दुसऱ्या शाखेतल्या कुठल्या ना कुठल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार. कुणी महिनाभर टिकायचं, कुणी आठवडाभर. एकजण सकाळी आले, पंखा नीट फिरतो का पाहिलं, नकाशातलं आपलं गाव शोधलं, आणि दुपारी त्यांचा कार्यभार काढल्याचा फोन आला. त्यांचं नावसुद्धा आम्हाला नीट कळलं नाही.

आम्हीही तसेच, अधांतरी. सगळे करारावरचे. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, मग नवा करार, आला तर. मी समन्वयक, म्हणजे तालुक्यांकडून माहिती घ्यायची, वर द्यायची आणि वरचे निरोप खाली सांगायचे. जावेदभाई फोनवर. मुंजाजी गाडीवर, पावसाळ्यात बोटीवरही. आधी आणखी दोघं होती. बिनतारी सांभाळणारी पोरगी नांदेडला बँकेत लागली, नकाशाचं काम बघणारा पुण्याला गेला. त्यांच्या जागा तशाच राहिल्या. दर काही महिन्यांनी कुणीतरी चहाच्या टपरीवरून बातमी आणायचं की आता हा कक्ष ठेकेदार कंपनीकडे जायलाय. मी ताडकळसहून रोज बसनं येणारी बाई. घरी सासूबाई विचारायच्या, "तुमचं पक्कं कवा होणार?" मी म्हणायची, "फाईल वर गेलीय." त्यांना वाटायचं, वर म्हणजे फार तर दुसऱ्या मजल्यावर.

अशा या ठिकाणी आमचे साहेब आले. मूळचे भूसंपादनातले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. अंगानं सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, बोलणं गंगाखेडकडचं. पहिल्या दिवशी आतल्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी ती फिरती खुर्ची बराच वेळ न्याहाळली. मग बाहेर आले, कोपऱ्यातली लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि दाराजवळ मांडून तिच्यावर बसले.

"साहेब, आत बसा ना," मुंजाजी म्हणाला.

"ती मूळ साहेबाची हाय. मी किरायदार. किरायाच्या घरात खिळा ठोकू न्हाई माणसानं."

आम्हाला वाटलं, आठवडाभरात जातील. ते जवळजवळ तीन वर्षं राहिले, आणि सगळा वेळ त्या दाराजवळच्या खुर्चीवरच. पाटीवर नाव लिहू दिलं नाही. टेबलाचा खण उघडला नाही. स्वतःचा पेन, स्वतःचा पेला, स्वतःचा डबा, सगळं एका रेक्झिनच्या पिशवीत, आणि संध्याकाळी ती पिशवी घेऊन असे निघायचे की उद्या येतील न येतील. कार्यालयात ते 'मी' हा शब्दही शक्यतो वापरत नसत. "कार्यभार जेवून येतो," असं म्हणून उठायचे. जावेदभाई कपाळाला हात लावायचे.

सही मागितली की विचारात पडायचे. सही करायचे, पण तिच्या आधी बारीक अक्षरात 'करिता' लिहायचे. कुणाकरिता, ते कधीच लिहिलं नाही. खाली तालुक्यात तो कागद गेला की तिकडून फोन यायचा, "मॅडम, हे नेमकं कुणी पाठवलंय?" त्याचं उत्तर मला द्यावं लागायचं, आणि मला ते माहीत नसायचं.

पण खरा छळ वेगळाच होता. आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एक टूम काढली. सकाळी आम्ही आलो की आमच्यातल्या एकाकडे बोट करायचे. "आज तुमी साहेब." ज्याच्याकडे बोट, त्यानं त्या दिवशी आत जाऊन फिरत्या खुर्चीत बसायचं. तालुक्यांचे फोन त्यानंच घ्यायचे. काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. आणि साहेब स्वतः दारावर टकटक करून विचारणार, "येऊ का आत?" वर चहा आणून ठेवणार.

"हे कशासाठी, साहेब?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उद्या कार्यभार गेला, मग काय करताल? हितं कोणी टिकत न्हाई. तुमाला सवय पाहिजे."

"पण आम्हाला अधिकार कुठं आहे?"

"मला तरी कुठं हाय?" ते म्हणाले आणि चहाचा कप सरळ केला.

मला त्या खुर्चीत बसून फार लाजल्यासारखं व्हायचं. पाय जमिनीला नीट टेकायचे नाहीत. शेजारच्या शाखेतले लोक मुद्दाम डोकावून जायचे. जावेदभाईंना मात्र ती खुर्ची आवडायची. ते तिच्यात बसून घरी फोन लावायचे.

मुंजाजीची पाळी होती त्या दिवशीच वरचे मोठे साहेब अचानक पाहणीला आले. मुंजाजी पिंगळीचा, भला माणूस, त्या दिवशी गाडी धुऊन आलेला, पँटचे पाय दुमडलेले. आमच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं की खुर्चीत बसल्यावर कुणासाठी उठायचं नाही, उठलं की माणूस पुन्हा ड्रायव्हर होतो. मोठे साहेब आत शिरले तेव्हा मुंजाजी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता आणि आमचे साहेब त्याच्या बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते.

"हे कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आजचे प्रभारी, सर," आमचे साहेब म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. हेच तर वाईट होतं. चेष्टा असती तर मोठे साहेब हसले असते.

मुंजाजीच्या कपाळावर घाम. उठावं की बसावं कळेना. शेवटी तो अर्धा उठला आणि तसाच, बसताही येईना नि उभंही राहता येईना अशा अवस्थेत, बैठक होईपर्यंत राहिला. त्यानंतर आमच्या साहेबांकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी खुलासा दिला, 'करिता' म्हणून सही करून. मुंजाजी पंधरवडाभर कुणाशी बोलला नाही. म्हणायचा, "माझी नोकरी जायची वेळ आली होती अन् हे माझ्यासमोर पाणी घेऊन उभे."

खुलाशानंतर ती पाळी थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही. एवढंच झालं की दाराला आतून कडी लागायला लागली.

त्यांची दुसरी खोड म्हणजे खोटे फोन. दुपारी जेवणं झाली की ते व्हरांड्याच्या टोकाला जायचे, मोबाईलवर रुमाल धरायचे आणि आवाज बदलून आमच्याच नंबरवर फोन करायचे. "मी अमुक गावचा पोलीस पाटील बोलायलोय. वढ्याला पाणी आलंय. चार माणसं पल्याड आडकलीत. काय करू?" मग आम्ही काय सांगतो ते ऐकायचं, आणि आत येऊन चुका सांगायच्या. आवाज कितीही बदलला तरी त्यांचा खोकला बदलत नव्हता. जावेदभाई पहिल्या शब्दाला ओळखायचे. खिडकीतून दिसायचेही.

एकदा असंच दुपारी फोन आला. ताडकळसच्या बाजूचा कुणी माणूस, खोकत खोकत सांगायला लागला की नळकांडी पुलावर पाणी चढलंय, ट्रॅक्टर अडकलाय, वर बायामाणसं आहेत. जावेदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, आता आत या, चहा गार व्हायलाय."

तिकडच्या माणसानं जावेदभाईंच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. तेव्हा जावेदभाईंनी खिडकीतून पाहिलं. आमचे साहेब व्हरांड्यात होते, पण त्यांच्या हातात फोन नव्हता, पेरू होता.

मुंजाजी गाडी घेऊन सुटला, गावकऱ्यांनी दोर टाकून तोवर सगळ्यांना काढलंही होतं, कुणाला काही झालं नाही. पण सरपंचानं तक्रार केली ती केलीच. मी साहेबांना स्पष्ट म्हणाले, "हे तुमच्या खोट्या फोनांमुळं झालं."

त्यांनी पेरूची बी थुंकली. "खोटा फोन पण खराच समजून घ्यायचा असतो. ते शिकिवण्यासाठीच तर करायलो."

"साहेब, माणूस दिवसात किती वेळा घाबरणार?"

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. आठवडा बरा गेला, आणि मग पुन्हा सुरू.

सांगते ते इतकंच की हा माणूस सोसायला अवघड होता. त्यांना कुठल्याही गोष्टीचं उत्तर विचारा, ते म्हणायचे, "मूळ साहेब येऊ द्या." सुट्टी मागितली, मूळ साहेब येऊ द्या. बोटीचं इंजिन दुरुस्तीला टाकू का, मूळ साहेब येऊ द्या. मुंजाजी शेवटी एका मेकॅनिक पाहुण्याकडून इंजिन दुरुस्त करून घेऊन आला. साहेबांनी विचारलं, "कोणी सांगितलं?" मुंजाजी म्हणाला, "मूळ साहेबांनी." आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ते चाललं.

मी मात्र स्वतःची अशी समजूत काढली होती की या सगळ्यामागे काहीतरी विचार असणार. हा माणूस आपल्याला तयार करायलाय. मला त्यांचा राग यायचा तोही शिष्याला गुरूचा येतो तसला. बिनकामाच्या माणसावर कोण एवढं चिडतं?

मग त्यांच्या बदलीचा आदेश आला, तोही ऐन पावसाळ्यात. शेजारच्या जिल्ह्यात, आणि ताबडतोब कार्यमुक्त. त्यांच्या जागी ज्यांच्याकडे कार्यभार द्यायचा होता ते वैद्यकीय रजेवर गेले. साहेब दिवसभर कार्यभार सोपवायला माणूस शोधत फिरले. कुणी घेईना. गंगेला पाणी वाढायलंय, अशा वेळी हे लोढणं कोण गळ्यात घेणार? संध्याकाळी त्यांनी रेक्झिनची पिशवी उचलली, दाराजवळची लोखंडी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि गेले. आम्हाला काही सांगितलं नाही. "येतो" एवढंच.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या आठवड्यात वर खूप पाऊस झाला होता. एका दुपारी निरोप आला की वरच्या धरणातून विसर्ग आणखी वाढवलाय. मी नकाशासमोर उभी राहिले. काठच्या बहुतेक गावांची तयारी झालेली होती. प्रश्न पांगरवाडीचा होता. गाव उंचावर, पण खालची वस्ती अगदी काठाला, पन्नासेक घरं. तालुक्याचे नायब तहसीलदार तिथंच उभे होते. त्यांचा फोन आला.

"मॅडम, वस्ती हलवायची का? लोक ऐकायले न्हाईत. आदेश हाय म्हणून सांगतो, पण कुणाचा सांगू?"

"थांबा, विचारते."

कुणाला विचारणार? मोठे साहेब मंत्र्यांच्या दौऱ्यात, फोन बंद. त्यांच्या खालचे त्यांच्याबरोबर. आतल्या खोलीत खुर्ची रिकामी. मी जावेदभाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग मी आमच्या जुन्या साहेबांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, जणू हातातच धरून बसले होते.

"साहेब, पांगरवाडीची वस्ती हलवायची का? विसर्ग वाढलाय. वर कुणी लागत नाही."

ते म्हणाले, "खुर्चीत कोण हाय?"

"कोणीच नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"मी आता तिथं न्हाई."

"ते माहीत आहे मला. तुमचं मत सांगा. हलवू का नको?"

"खुर्चीत जो असंल त्याला विचारा," ते म्हणाले, आणि फोन कापला.

मी पुन्हा लावला. त्यांनी उचलला नाही. मला इतका राग आला की हातातला फोन टेबलावर आपटला. एवढी वर्षं आम्हाला खुर्चीत बसवून खेळ केला, आणि खरी वेळ आली तेव्हाही खेळच. तिकडून नायब तहसीलदारांचा पुन्हा फोन. मागं लोकांचा गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"काय ठरलं, मॅडम?"

"हलवा," मी म्हणाले.

"आदेश कुणाचा?"

"कक्षाचा."

"कक्षाचा म्हणजे..."

"कक्षाचा म्हणजे मी सांगतेय. हलवा."

फोन ठेवल्यावर जावेदभाईंनी माझ्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाले, "बराबर केलं, मॅडम." मग थोड्या वेळानं, "बराबरच असंल."

वस्ती हलवली. म्हातारी माणसं, शेळ्या, गाद्या, पोरं, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वरच्या शाळेत. एका फेरीत उतारावर चिखलात चाक घसरलं आणि ट्रॉली कलंडली. बाकीचे खरचटण्यावर वाचले. बाबाराव नावाच्या एका माणसाचा पाय मोडला. घोट्याच्या वरचं हाड, दोन ठिकाणी.

आणि पाणी आलं, ते वस्तीच्या पहिल्या घरांच्या ओट्याला लागलं आणि तिथंच थांबलं. सकाळी ओसरायला लागलं. घरात कुणाच्या शिरलं नाही. शाळेत बसलेली माणसं परतली तर कुणाच्या कोंबड्या गेलेल्या, कुणाचं सोबत नेलेलं पीठ पावसात भिजलेलं. बोलणी सुरू झाली. उगंच हलवलं. कुणी सांगितलं होतं?

मी बाबारावांना बघायला दवाखान्यात गेले. पाय वर बांधलेला. शेजारी त्यांची बायको बसलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"पाणी तं आलंच न्हाई, ताई," ते म्हणाले.

"ओट्यापर्यंत आलं होतं."

"हां. ओट्यापस्तोर आलं. पर आमी ओट्याच्या आतच ऱ्हातो की."

दीड हात आणखी चढलं असतं तर हाच माणूस माझे पाय धरायला आला असता, असं स्वतःला समजावत मी बसस्टँडवर आले. पण चढलं नव्हतं. त्याला काय करणार?

तक्रार झाली, चौकशी लागली. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाविना वस्ती हलवली, त्यात माणूस जखमी झाला. आदेश कुणी दिला? माझा करार संपत आलेला होता. घरी सगळ्यांनी समजावलं की तू सांग, वरून निरोप आला, मी पुढं दिला. जावेदभाईही तेच म्हणाले. पण मी ठरवलं होतं. खरं सांगायचं. मी म्हणाले हलवा. का म्हणाले, तेही सांगायचं. विसर्ग किती, वेळ किती हातात होता, कुणाकुणाला फोन लावले. आठवडाभर मी ते मनात घोळवत होते. स्वयंपाक करताना, बसमध्ये. नोकरी गेली तर गेली, पण आयुष्यात एक निर्णय माझा मी घेतला होता आणि तो मला माझ्या तोंडानं सांगायचा होता.

चौकशीच्या दिवशी मी आत गेले तर तिथं आमचे साहेब बसलेले. शेजारच्या जिल्ह्यातून सकाळच्या एसटीनं आले होते. पांढरा शर्ट, बाह्या बंद, पायाशी रेक्झिनची पिशवी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत ते उभे राहिले. "सर, त्या दिवशी ह्या पोरीचा मला फोन आला होता. मी सांगितलं वस्ती हलवा म्हणून. हिनं फक्त निरोप दिला."

मला क्षणभर कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतायत.

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांनी काही सांगितलं नाही. मी सांगितलं."

चौकशी अधिकारी माझ्याकडे पाहून थकल्यासारखे हसले. "फोन लावला होता का तुम्ही यांना?"

"हो, पण..."

"त्यानंतर वस्ती हलवायचा निरोप दिला?"

"हो सर, पण मधे..."

"बसा मॅडम. तुमची निष्ठा समजते मला. वरिष्ठांना वाचवायची काही गरज नाही."

मी बसले नाही, पण माझ्याकडे पुन्हा कुणी वळलं नाही. पुढचं सगळं त्यांच्यात झालं. कार्यमुक्त झाल्यावर आदेश कसा दिला? अधिकार होता का? आमचे साहेब मान खाली घालून "नव्हता" म्हणत राहिले. मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले.

साहेब बाहेर आले तसं मी त्यांना गाठलं. "खोटं का बोललात तुम्ही?"

"तुमचा करार टिकंल."

"मी मागितलं होतं का तुमच्याकडं? निर्णय माझा होता, साहेब. बरोबर असो की चूक. तुम्ही मला निरोप्या करून टाकलं."

"माझं काय, थोडं राहिलंय," ते म्हणाले. "तुमची सगळी जिंदगी पडलीय." आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मनात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझा करार वाढला. साहेबांवर विभागीय चौकशी बसली आणि ती चालू असतानाच ते निवृत्त झाले. कक्षात नवे प्रभारी आले. ते फिरत्या खुर्चीत पहिल्याच दिवशी बसले. त्यांना विचारलं की उत्तर मिळायचं, सही सरळ व्हायची, आणि तरी मला चैन पडायचं नाही. कुणी पांगरवाडीचा विषय काढला की म्हणायचं, ते जुन्या साहेबांनी हलवलं ना? मी म्हणायची, हो.

वर्षभरानं गंगाखेडला एका लग्नाला गेले होते. ठरवून नाही, पण पाय तिकडं वळलेच. त्यांचं घर बसस्टँडपासून आत, गल्लीत. साहेब मागच्या खोलीत झोपलेले होते. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं नाही, पण पांगरवाडीचं नाव काढताच ओळखलं. चुलीपुढं पाट सरकवला.

"तुमीच का त्या फोनवाल्या?" त्या भाकरीचं पीठ मळत म्हणाल्या. "त्या दिवशी हे घरीच होते, नव्या जागी रुजू व्हायचे होते. जेवले न्हाईत. फोन कापला अन् तसेच बसले बाजेवर. पुन्हा वाजला तरी उचलंनात. मी म्हणलं, आवो कोण हाय, बोला की. तर म्हणाले, मला सुचंना काय सांगावं. त्यांचं तोंड असं पांढरंफटक झालं होतं."

"म्हणजे, त्यांनी मुद्दाम..."

"मुद्दाम काय? घाबरले होते. ते पहिल्यापासूनच तसे हायत. घरात भाजी कोणती करू म्हणून विचारलं तरी म्हणतेत, तुमीच बघा."

म्हणजे ती रिकामी खुर्ची, तो किरायदार, ती रोजची पाळी, ते करिता. त्यात मी केवढा अर्थ भरून ठेवला होता. एवढी वर्षं मी एका घाबरट माणसावर गुरू समजून चिडत होते. आणि त्या घाबरट माणसानं एकटं एसटीत बसून, कुणी न बोलावता, चौकशीत जाऊन उभं राहायचं धाडस केलं होतं. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, ते मला अजून कळलेलं नाही. राग कुठं ठेवायचा तेही कळेना.

ते उठून आले. बनियनवर, बाह्यांविना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. हात अगदी बारीक झाले होते. मला पाहून दचकले, मग भिंतीला टेकून खाली बसले.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही फोन ठेवल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मी सांगते. आज तुम्ही ऐका."

मी सगळं सांगितलं. विसर्गाचा निरोप, बंद लागलेले फोन, तो गलका, भुंकणारं कुत्रं, मी हलवा म्हणाले ते. दवाखान्यातले बाबाराव काय म्हणाले ते. चौकशीसाठी आठवडाभर मनात जुळवलेलं सगळं, जसं जुळवलं होतं तसं. ते मधे एकदा खोकलेसुद्धा नाहीत.

सांगून झाल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"हे चौकशीत सांगायला पाहिजे होतं तुमी," ते म्हणाले.

"तुम्ही सांगू दिलं नाही."

"हां," ते म्हणाले. "ते चुकलंच माझं."

चुलीपुढं बाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला. असं काही नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि मग त्या पुन्हा थापायला लागल्या.